जात्यावर बसल्यावर

मराठी साहित्याला एक वाद पिढ्यान्‌पिढ्या पुरला: कला कलेसाठी की जीवनासाठी? एका बाजूला ना. सी. फडके, दुसऱ्या बाजूला वि. स. खांडेकर, आणि मध्ये कॉलेजांतल्या वक्तृत्व स्पर्धा. दोन्ही पक्षांनी एक गोष्ट मात्र न बोलता मान्य केली होती. कला वेगळी, जीवन वेगळं. भांडण एवढ्यापुरतंच, की पहिलीने दुसऱ्याची चाकरी करावी की नाही. हा वाद ऐन भरात होता तेव्हा महाराष्ट्रातल्या गावोगावी पहाटे जातं फिरत होतं आणि त्यावर ओवी म्हटली जात होती. जात्यावरच्या बाईला कोणी जाऊन विचारलं असतं, की बाई गं, ही ओवी कलेसाठी की पिठासाठी, तर तिने आधी त्या गृहस्थाला दिव्यासमोरून बाजूला व्हायला सांगितलं असतं.

शहरात वाढलेली आपण माणसं कलेला बहुधा कामाचे तास संपल्यावर भेटतो, तेही तिकीट काढून. त्यामुळे कला म्हणजे उरल्या वेळेतली चैन, अशी समजूत पक्की झाली आहे. या प्रकरणात पाहायची आहे ती कामाच्या ऐन मध्यात बसलेली, खुरप्या-मुसळासारखंच अवजार असलेली कला. ती सुंदर आहे का, हा तिला विचारायचा दुसरा प्रश्न. पहिला प्रश्न, ती कोणतं काम करते?

जात्यापासून सुरुवात करू, कारण आपल्या घरगुती कलांपैकी इतका जुना आणि इतका भरघोस पुरावा फार थोड्यांचा मिळतो. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओवी गातात, अशी नोंद त्यात आहे. म्हणजे ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेवरची टीका ओवीत सांगितली, त्याच्या कितीतरी आधीपासून ओवी मुसळाच्या कामावर होती. तिला त्यांनी साडेतीन चरणांचं ग्रंथरूप दिलं. पण पंडितांची संस्कृत वृत्तं बाजूला ठेवून निवड केली ती बायकांच्या तोंडातल्या छंदाची. पुढे जनाबाईच्या कथेत प्रत्यक्ष विठ्ठलच तिच्याबरोबर दळू लागला. देवाला जात्यावर बसवण्याची कल्पना ज्या समाजाला सुचली, त्या समाजातल्या बायकांना दळण किती जड जात असेल याचा अंदाज करायला वेगळं संशोधन नको.

जातं दिसायला साधं. खालचा दगड स्थिर, वरचा फिरता. वरच्याच्या तोंडात मूठमूठ दाणे वैरायचे आणि खुंटा धरून फिरवत राहायचं. पण चांगलं पीठ पाडायचं तर वेग एकसारखा लागतो. झटक्याने भराभर फिरवलं की दाणा नीट दळला न जाताच कडेने बाहेर येतो. घास जास्त झाला की पीठ जाड पडतं. दोघी समोरासमोर बसल्या, तर एकीने ओढायचं त्याच क्षणी दुसरीने लोटायला हवं, आणि हे दर फेऱ्याला बोलून ठरवता येत नाही. त्यातून वेळ पहाटेची, डोळ्यांवर झोप, दिवसभराचं काम पुढे उभं. अशा वेळी गळ्यातून निघालेली लय हाताला धरून ठेवते. ओवीचे दोन चरण जितका वेळ चालतात तितका वेळ हातही चालतात, आणि पहिली ओवी संपता संपता दुसरी तोंडात आलेली असते.

कार्ल ब्यूखर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १८९६ साली श्रम आणि लय यांच्या नात्यावर एक पुस्तकच लिहिलं. वल्ही मारणारे, धान्य झोडणारे, दळणारे अशा नाना देशांतल्या कष्टकऱ्यांची गाणी गोळा करून त्याने मांडलं, की गाण्याचा जन्मच मुळी कामाच्या लयीतून झाला. आपल्याकडची मोटेवरची गाणी किंवा कापणीच्या वेळची भलरी त्याच्या हाती लागती, तर तो खूश झाला असता. सगळ्याच गाण्याचं मूळ श्रमात आहे, हे म्हणणं मला जरा ताणलेलं वाटतं. अंगाईलाही लय असते आणि तिथे कोणी काही कापत-झोडत नसतं. पण कामाला गाणं लागतं, एवढं तर त्याने दाखवून दिलंच.

मात्र ओवीचं निम्मं काम अजून सांगायचं राहिलं आहे. हाताला नुसती लय हवी असती तर ‘हुं हुं’ केल्याने भागलं असतं. मग शब्द कशाला? आणि तेही इतके, की माहेर, भाऊ, आई, लेक, सासू, दुष्काळ, पंढरीची वाट, रामाने रानात धाडलेली सीता असं सगळं जग त्यात यावं?

ज्या घरात सून सासऱ्यासमोर उभी राहत नव्हती, नवऱ्याशी चारचौघांत बोलत नव्हती, तिथे तिने दुखणं सांगायचं कुठे? जात्यावर. ओवीत सासूचा जाच सांगता येई, आणि तो भिंतीपलीकडे झोपलेल्या सासूच्या कानावर पडे. सासू उठून भांडू शकत नसे. ओवी सुनेची स्वतःची नव्हतीच. ती परंपरेने चालत आलेली, आणि सासूनेही तरुणपणी तिच्या सासूच्या घरात तीच म्हटलेली. तक्रार झाली, पण तक्रार करणारी सापडली नाही. एकत्र कुटुंब मोडू न देता त्यातली वाफ बाहेर काढण्याची याहून हुशार सोय मला माहीत नाही. सीतेची गोष्ट सांगतानाही हेच. रामाचं देवपण शाबूत ठेवून रामाच्या वागण्याबद्दल चार शब्द सुनावता येत, आणि ऐकणाऱ्या पुरुषाला ते पुराणातलंच वाटे. पुढे दलित वस्त्यांतल्या बायकांनी याच जात्यावर बाबासाहेब आंबेडकरांच्या ओव्या रचल्या, त्यात बाबासाहेब घरातल्या कर्त्या भावाच्या नात्याने आले. साचा आजीचा, मजकूर नवा.

या जात्यावर काय दर्जाचं काव्य तयार होत होतं याचा पुरावा बहिणाबाई चौधरी. जळगावकडच्या या शेतकरी बाईला लिहिता-वाचता येत नव्हतं. घरकाम आणि शेतकाम करता करता त्या रचत गेल्या; जवळच्या माणसांनी त्यातलं काही टिपून ठेवलं. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, आणि मुलगा सोपानदेव यांच्याकडचं ते बाड आचार्य अत्र्यांच्या नजरेस पडून १९५२ मध्ये पुस्तक निघालं. सोपानदेव स्वतः कवी होते, म्हणून बाड वाचलं. ज्यांचे मुलगे कवी नव्हते अशा बहिणाबाई किती होऊन गेल्या असतील, हा हिशेब कधीच लागायचा नाही.

घरातल्या बाकीच्या गोष्टीही याच नजरेने पाहिल्या तर बोलू लागतात. दारातली रांगोळी घ्या. गल्लीतून जाणाऱ्याला ती सांगते, की या घरात माणसं उठली आहेत, सडा-सारवण झालं आहे, सगळं ठीक आहे. सुतकात रांगोळी काढत नाहीत. त्यामुळे रोज दिसणारी रांगोळी दिसली नाही, की शेजारी दार वाजवण्याआधीच आवाज खाली आणतो. पंगतीत पानाभोवती महिरप काढली, की पाहुण्याला आपली जागा कळते आणि वाढप्याला हद्द. बैलांच्या घुंगुरमाळा पोळ्याच्या मिरवणुकीत शोभून दिसतात हे खरं. पण अंधाऱ्या रस्त्यावर गाडी येत असल्याची वर्दी त्याच देत, आणि रानात चुकलेली गाय गळ्यातल्या घंटेवरून सापडे.

गोधडीचं गणित जास्त पक्कं आहे. आत विटलेली लुगडी, धोतरं, फाटके सदरे. वर त्यातल्या त्यात धड कापडाचं अस्तर. आतले तुकडे सरकून एका जागी गोळा होऊ नयेत म्हणून धावदोरा अगदी जवळजवळ घालावा लागतो. कडेने सुरुवात करून आत आत जाणाऱ्या त्या ओळींची जी नक्षी दिसते, ती मुळात तुकडे जागेवर ठेवण्याची युक्ती आहे. थरांमध्ये हवा अडकते म्हणून ऊब येते, आणि जुनं सुती कापड धुऊन धुऊन मऊ झालेलं असतं म्हणून तान्ह्या बाळाला तेच घालतात. हल्ली दुकानांत नवं कोरं कापड कापून त्याची ‘पारंपरिक’ गोधडी शिवलेली मिळते. किंमत पाहिली, की पांघरायला भीती वाटते.

पण कलेकडे किती मोठं काम सोपवता येतं हे पाहायचं तर पालघर जिल्ह्यात, डहाणू-तलासरी-जव्हारच्या वारली पाड्यांवर जावं लागेल. वारली चित्र म्हटलं, की आपल्या डोळ्यांसमोर येतात चहाचे कप, साड्या आणि सरकारी कचेऱ्यांच्या भिंती. त्याचं मूळ काम आहे लग्न लावण्याचं. लग्नघरात आतल्या भिंतीवर, सारवलेल्या लालसर मातीवर, तांदळाच्या पिठाच्या पांढऱ्या रंगाने चौक लिहितात. कुंचला म्हणजे टोकाशी ठेचून मऊ केलेली बांबूची काडी. चौकाच्या मधोमध पालघट देवी, सृष्टीची आणि सुफळतेची. भोवती झाडं, जनावरं, नाचणारी, शेती करणारी माणसं. जवळच लहान देवचौकात पंचशिऱ्या देव. हा चौक लिहिण्याचा अधिकार सवाशिणींचा, आणि लग्नाची गाणी गात विधी पार पाडणारी धवलेरीही बाईच. चौकाशिवाय लग्न होत नाही.

या शेवटच्या वाक्यावर जरा थांबू. आपल्याकडे लग्नाचा दाखला नोंदणी कार्यालयात मिळतो; त्यावर सही-शिक्का असतो, साक्षीदार असतात. लिपी नसलेल्या समाजाने तेच काम चित्रावर सोपवलं. चौक भिंतीवर आला, तो लिहिणाऱ्या सवाशिणींना सगळा पाडा ओळखतो, धवलेरीने देवीला बोलावलं, म्हणजे हे लग्न गावाच्या आणि देवीच्या साक्षीने झालं. काम झाल्यावर त्या चित्राला जपून ठेवण्याचा प्रश्न नव्हता. भिंत पुन्हा सारवली जाई आणि पुढच्या लग्नाला नवा चौक येई. चित्र टिकलं नाही तरी चालत होतं, कारण टिकायचं होतं ते लग्न.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला चित्रकार भास्कर कुलकर्णी या पाड्यांवर पोचले. हस्तकला मंडळाच्या योजनेतून त्यांनी कागद आणि रंग दिले, भिंतीवरचं कागदावर आलं. त्यातून पुढे आले जिव्या सोमा मशे. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे. लग्नाची चौकट सोडून त्यांनी रोजचं जगणं चितारलं: मासेमारीचं जाळं, मुंग्यांचं वारूळ, तारपा वाजवणाऱ्याभोवती फिरणारा नाच. देशोदेशी प्रदर्शनं झाली, २०११ साली पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले.

यावर हळहळणारे पुष्कळ भेटतात. विधी गेला, बाजार आला, असा त्यांचा सूर असतो. मला तो अर्धाच पटतो. चौक अजून लिहिले जातात. आणि ज्या समाजाच्या जमिनी सावकारांनी आणि जंगलं सरकारने घेतली, त्याला भिंतीवरच्या विद्येने चार पैसे मिळवून दिले यात वाईट काय? चित्राला एक नोकरी होती, आता दुसरी मिळाली. खटकतं ते वेगळंच. भिंतीवर असेपर्यंत हे काम बायकांचं होतं आणि त्याखाली कोणाचंच नाव नसे. कागदावर आल्यावर नाव आलं, पैसा आला, मान आला, आणि तो आधी मिळाला पुरुषांना. पाड्यावरच्या सवाशिणींना पिढ्यान्‌पिढ्या जे येत होतं, ते जगाला कळलं ते मुलगे-नवरे यांच्या सहीने. अलीकडे वारली चित्रकर्ती नावानिशी पुढे येत आहेत. हे आधीच व्हायला हवं होतं.

आतापर्यंतची उदाहरणं घर आणि पाडा यांच्या आतली. गावाबाहेर, थेट राजकारणातही कलेला असंच राबवलं गेलं. १९५१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता जेमतेम १८ टक्के होती. शंभरांतल्या ऐंशीहून अधिक माणसांना पत्रक वाचता येत नसेल, तर छापून करणार काय? सत्यशोधकांनी हे फार आधी ओळखलं होतं. तमाशा लोकांच्या अंगवळणी पडलेला. त्याचा गण-गवळण-वगाचा साचा घेऊन त्यांनी जलसे उभे केले आणि त्यातून भिक्षुकशाही, सावकारी, शिक्षण हे विषय मांडले. आंबेडकरी जलशांनी तो साचा आणखी धारदार केला. १९४४ साली अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी लाल बावटा कलापथक सुरू केलं, ते याच वाटेने.

अण्णा भाऊंची ‘माझी मैना’ ही छक्कड संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात घरोघरी पोचली. वरवर ती गावाकडे राहिलेल्या बायकोच्या विरहाची आहे. ऐकणारा गिरणी कामगार सातारा-सांगलीचा नाहीतर कोकणातला. बायको गावी, तो मुंबईत दहा-पंधरा जणांच्या खोलीत वळकटीवर. विरह त्याला शिकवावा लागत नव्हता. शाहीर त्या विरहाला हळूच वळण देतो, आणि दुरावलेली मैना म्हणजे महाराष्ट्राबाहेर ठेवलेला बेळगाव-कारवारचा मराठी मुलूख होतो. भाषावार प्रांतरचनेचं गुंतागुंतीचं प्रकरण, जे अहवालांत शेकडो पानं घेतं, ते एका रात्रीच्या कार्यक्रमात माणसाच्या काळजाला कळे. १ मे १९६० ला राज्य झालं. ते शाहिरांनी आणलं असं म्हणणं बाकीच्यांवर अन्याय ठरेल. पण मैदानं भरली ती शाहिरांच्या डफावर, हे त्यांचे विरोधकही नाकारणार नाहीत.

आता राहिला अवघड भाग. अवजाराचं काम सुटलं, की अवजाराचं काय होतं?

वारली चित्राला दुसरं काम मिळालं. ओवीला मिळालं नाही. आधी तेलाच्या इंजिनावरची आणि मग विजेवरची पिठाची गिरणी गावात आली, पायलीचं दळण काही मिनिटांत होऊ लागलं, आणि जातं कोपऱ्यात गेलं. टाकी लावून देणारे पाथरवट दारावर यायचे थांबले. आता जातं निघतं ते लग्नात: सवाशिणी हळद-कुंकू वाहतात, हळद दळण्यापुरते चार फेरे मारतात, एखादी म्हातारी असली तर ओवी होते, नसली तर मोबाइलवर लावतात. या बदलावर गहिवरून लिहिणाऱ्यांनी कधी तासभर जातं ओढून पाहावं. गिरणी आली तेव्हा बायकांच्या खांद्यांची आणि पाठींची सुटका झाली, आणि ती सुटका त्यांना ओव्यांपेक्षा प्यारी वाटली तर त्यात त्यांचं काहीच चुकलं नाही. गेलेलं काम परत आणून कला वाचवायला निघणं हा कष्ट न केलेल्यांचा हट्ट आहे.

तरीही गेलं ते थोडं नव्हतं. साने गुरुजींनी ते वेळीच ओळखून ओव्या गोळा केल्या. ‘स्त्रीजीवन’ हा त्यांचा संग्रह आजही वाचावा. पुढे पुण्यातून हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे, नंतर भारताचे नागरिक झालेले गी प्वातव्हँ यांनी सहकाऱ्यांसह हे काम अनेक वर्षं केलं. हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या त्यांनी जमवल्या. शब्द लिहून घेतले, हजारो ओव्यांचं ध्वनिमुद्रणही केलं. २०१७ पासून ‘परी’ या ग्रामीण भारताच्या संग्रहाने त्या भाषांतरांसह लोकांसमोर ठेवायला सुरुवात केली. ओवी कोणाची, कुठल्या गावची, हे प्रत्येक ठिकाणी नोंदलेलं आहे. इतकी शतकं बिननावाने दळलेल्या बायकांना नावं मिळाली, ती अशी.

लाख ओव्या जमल्या म्हणजे सगळ्या जमल्या असं नाही. जात्यावर बसलेली शेवटची पिढी आज सत्तरी-ऐंशीच्या पुढे आहे, आणि तिच्यातली एखादी बाई तुमच्या घरात, नात्यात किंवा शेजारी असण्याचा संभव बराच आहे. तिला ‘आजी, ओवी म्हणा’ असं नुसतं सांगून फारसं हाती लागणार नाही; ती लाजेल, आठवत नाही म्हणेल. जात्यावर बसल्यावर ओवी सुचते, ही म्हण कोणी उगाच केलेली नाही. जातं शोधा, पुसून ठेवा, दोन मुठी ज्वारी किंवा तांदूळ घ्या, समोर तिच्या वयाची आणखी एक जण असेल तर उत्तम. खुंट्याला हात लागू द्या आणि मोबाइल बाजूला सुरू ठेवून गप्प बसा. नंतर विचारा, की ही कोणाकडून शिकली, माहेर कुठलं, कोणत्या वेळी म्हणायची, आणि म्हणताना ती कोणाला ऐकू जावी असं वाटायचं. ती उत्तरं ओवीइतकीच जपून ठेवा. आणि हे पुढच्या सुट्टीवर टाकू नका.